गुडघ्यासाठी घेतलेलं लाल प्रकाशाचं पॅनेल: सात महिने वापरल्यानंतर

मी आयटीआयमध्ये वायरमन ट्रेडचा शिल्प निदेशक होतो. एकतीस वर्षं मुलांना मीटर हातात धरायला शिकवलं. त्यामुळे घरात कुठलीही विजेची वस्तू आली की आधी ती तपासायची आणि मग वापरायची, ही सवय अंगात भिनलेली. हे पॅनेल मात्र हौसेनं घेतलेलं नाही. हिचा उजवा गुडघा तीन वर्षं दुखतोय. एक्स-रेमध्ये झीज दिसते. मिरजेत हाडांच्या डॉक्टरांना तोटा नाही. दोघांना दाखवलं आणि दोघांनीही एकच सांगितलं: वजन थोडं उतरवा, मांडीचे स्नायू बळकट करा, ऑपरेशनची वेळ अजून आलेली नाही. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो. लिफ्ट नाही, पायऱ्या छत्तीस. भाजीची पिशवी घेऊन वर येताना ही दोनदा थांबायची.

फिजिओथेरपीत हिला व्यायामाबरोबर लेझरही दिला होता. त्यानं बरं वाटलं, पण एका वेळचे तीनशे रुपये आणि वर जाण्यायेण्याची रिक्षा. दहा वेळा झाल्यावर ही म्हणाली, "अहो, आता पुरे." मग पुण्याहून मुलानं हे पॅनेल बघायला सांगितलं. "बाबा, हे घरीच करता येतं. तुम्ही एकदा तपासून बघा." चौदा हजार पाचशे रुपयांना घेतलं.

विकणाऱ्याचं नाव मी लिहीत नाही. एक तर हेच पांढऱ्या पत्र्याचं खोकं, हीच बटणं, हीच भिंगं तीन-चार वेगवेगळ्या नावांनी बाजारात मिळतात, नुसतं वरचं स्टिकर बदलतं. आणि दुसरं म्हणजे पॅनेल कसं पारखायचं आणि किती वापरायचं हे कळलं, तर तुम्ही कुठलंही घेतलंत तरी ते उपयोगी पडेल.

आधी एक गोंधळ दूर करतो, कारण मला विचारणाऱ्या दहातल्या आठ जणांचा तो असतो. आपल्याकडे घरोघरी "लाल दिव्याचा शेक" माहीत आहे. मेडिकलमध्ये मिळणारा तो दीडशे वॅटचा लाल काचेचा इन्फ्रारेड बल्ब, स्टँडवर लावून कंबर शेकायची. तो बल्ब म्हणजे शेगडीचाच भाऊ. त्याचं काम उष्णतेचं. हे पॅनेल वेगळं आहे. यात ठरावीक तरंगलांबीचे, म्हणजे नेमक्या एकाच रंगाच्या प्रकाशाचे, एलईडी असतात. माझ्या पॅनेलमध्ये साठ आहेत. तीस ६६० नॅनोमीटरचे, म्हणजे गडद लाल, आणि तीस ८५० नॅनोमीटरचे, म्हणजे लालच्या पलीकडचे, जवळजवळ न दिसणारे. यात ऊब लागते ती सोबतची गोष्ट. मुख्य काम प्रकाशानं करायचं आहे. आणि देव्हाऱ्यातला लाल झिरोचा बल्ब लावून हे होईल का, असंही मला दोघांनी विचारलं. नाही होणार. नेमक्या तरंगलांबीचा प्रकाश पुरेशा प्रमाणात त्वचेवर पडायला हवा, आणि त्या बल्बमध्ये यातलं काहीच नाही.

याची सुरुवात १९६७ साली बुडापेस्टमध्ये झाली. एंड्रे मेस्टर नावाचे डॉक्टर होते. लेझर नुकताच निघाला होता आणि त्यानं कर्करोग होतो का हे बघायला त्यांनी उंदरांची पाठ भादरून तिच्यावर रुबी लेझरचा मंद प्रकाश टाकला. कर्करोग झाला नाही, उलट प्रकाश मिळालेल्या उंदरांचे केस लवकर उगवले. तिथून पुढे जखमा भरण्यावर काम झालं. आज या उपचाराला फोटोबायोमॉड्युलेशन म्हणतात. सगळ्यात जास्त सांगितलं जाणारं कारण असं: पेशीत मायटोकॉन्ड्रिया म्हणजे पेशीचं वीजघर असतं, त्यातलं सायटोक्रोम सी ऑक्सिडेज हे विकर (एन्झाइम) लाल आणि त्यालगतचा अदृश्य प्रकाश शोषून घेतं, आणि पेशीची ऊर्जा, म्हणजे एटीपी, तयार होण्याचं काम सुधारतं. यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहेत. पण लाल प्रकाश शरीरात शिरतो हे बघायला प्रयोगशाळा लागत नाही. लहानपणी अंधारात टॉर्चवर तळहात ठेवला की बोटं लालभडक दिसायची. बाकीचे रंग रक्तात आणि मांसात अडकतात, लाल पार निघून येतो. ६६० चा प्रकाश काही मिलिमीटरमध्ये बराचसा विरतो, ८५० चा त्याहून खोल जातो. म्हणून चेहऱ्यासाठी लाल आणि सांध्यासाठी ८५० असं साधारण धरतात.

आता खोकं उघडल्यावर काय झालं ते सांगतो.

पहिली गोष्ट, वायर. पॅनेलच्या मागे थ्री-पिन सॉकेट आहे, पण सोबत आलेल्या वायरच्या दुसऱ्या टोकाचा प्लग चपट्या दोन पिनांचा. आपल्या बोर्डात तो बसत नाही, म्हणून एक कन्व्हर्टर दिलेला. म्हणजे अर्थिंग नाहीच. आणि बॉडी पत्र्याची! टेस्टर लावला तर बॉडीवर मंद पेटला. हाताची मागची बाजू हलकी फिरवली तर झिणझिण्या आल्या. आतल्या पॉवर सप्लायमधल्या फिल्टरमुळे अर्थिंग नसलेल्या बॉडीवर असं व्होल्टेज येतं. प्रवाह अगदी थोडा असतो, पण उघड्या अंगानं, कधी ओल्या पायानं, बॉडीला हात लावून बसायचं हे यंत्र आहे. मी ती वायर त्याच दिवशी बाजूला काढली. जुन्या डेस्कटॉप कॉम्प्युटरची थ्री-पिन पॉवर केबल घरात होती, आयएसआय मार्कची. ती बरोबर बसली. मीटरनं तपासलं, बॉडीचं अर्थिंग मिळालं, टेस्टर विझला. ज्यांनी कुणी असं पॅनेल घेतलं असेल त्यांनी आज उठून आपला प्लग बघावा. दोन पिनांचा असेल तर बदलावा. दीडशे-दोनशे रुपयांचं काम आहे आणि मला ते बाकी सगळ्यापेक्षा महत्त्वाचं वाटतं.

दुसरी गोष्ट, अर्धे दिवे बंद दिसतात. ही म्हणाली, "निम्मं बिघडलेलंच पाठवलंय की." ते बिघडलेलं नसतं. ८५० नॅनोमीटर डोळ्याला जेमतेम दिसतं, निखारा विझता विझता दिसतो तेवढंच. टीव्हीचा रिमोट चालतो का बघायला आपण मोबाइलचा कॅमेरा त्याच्यासमोर धरतो, तेच इथे करायचं. पुढचा, सेल्फीचा कॅमेरा घ्या, मागच्याला पुष्कळदा फिल्टर असतो. ते दिवे जांभळट पांढरे झळाळताना दिसतात. आणि याच कारणानं डोळ्यांची काळजी घ्यायची. दिसणारा प्रकाश प्रखर झाला की डोळे आपोआप मिटतात, बाहुली आकसते. न दिसणाऱ्या प्रकाशापुढे शरीराची ही राखण चालत नाही. सोबत आलेला काळा चष्मा लावायचा, आणि पॅनेल गुडघ्याकडे असलं तरी त्यात बघत बसायचं नाही.

तिसरी गोष्ट आकड्यांची, आणि इथे मला राग आला. खोक्यावर लिहिलंय "३०० वॅट". प्लगमध्ये वॅटमीटर लावून मोजलं. दोन्ही बटणं चालू केल्यावर ६२ वॅट. साठ दिवे, प्रत्येक पाच वॅटचा, म्हणून तीनशे, असा तो हिशेब आहे. पाच वॅट सहन करू शकणारा डायोड एका वॅटवर चालवला तर तो एक वॅटच खातो.

त्यापुढे माहितीपत्रकात लिहिलंय की १५ सेंटिमीटर अंतरावर दर चौरस सेंटिमीटरला १२० मिलिवॅट प्रकाश मिळतो. हा आकडा वॅटपेक्षाही महत्त्वाचा आहे, कारण डोस यावरूनच ठरतो. म्हणून जरा थांबून बघू. वीज आत जाते ६२ वॅट. पंखा, पॉवर सप्लाय आणि दिव्यांची उष्णता वजा जाता निम्म्याचा प्रकाश होतो असं उदार मनानं धरू, म्हणजे ३० वॅट. दिवे बसवलेला भाग मी फूटपट्टीनं मोजला. १८ बाय २८ सेंटिमीटर, म्हणजे ५०४ चौरस सेंटिमीटर. तीस हजार मिलिवॅट भागिले ५०४, आले साधारण ६०. म्हणजे पॅनेलला गुडघा चिकटवला तरी सरासरी ६० च्या वर जाणार नाही, आणि १५ सेंटिमीटरवर प्रकाश पसरल्यावर तर त्याहून कमीच. मग १२० आले कुठून? हे आकडे पुष्कळदा सोलर पॉवर मीटरनं मोजलेले असतात. ते मीटर उन्हाच्या सगळ्या रंगांच्या मिश्रणासाठी जुळवलेलं असतं. नुसत्या लाल आणि त्यालगतच्या प्रकाशावर ते जास्त आकडा दाखवतं. तुलनेसाठी सांगतो, भर दुपारच्या उन्हात सगळे रंग मिळून दर चौरस सेंटिमीटरला साधारण १०० मिलिवॅट पडतात.

मी १५ सेंटिमीटरला २५ धरून चालतो. तेवढ्यानं काम होतं. राग एवढ्याचसाठी की आकडा फुगवून सांगितला की लोक वेळ चुकीचा ठरवतात. हिशेब सोपा आहे. मिलिवॅट गुणिले सेकंद, भागिले हजार, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला मिळालेली ऊर्जा, जूलमध्ये. हाच डोस. २५ मिलिवॅटनं दहा मिनिटं, म्हणजे ६०० सेकंद, बसलं तर १५ जूल. पत्रकातल्या १२० वर विश्वास ठेवून कुणी दोनच मिनिटं बसलं तर त्याच्या पदरात तीन जूल पडणार. मग महिन्यानं तो म्हणणार, काही उपयोग नाही.

उलट बाजूही आहे. आपल्याकडे औषध थोडं जास्त घेतलं की लवकर बरं वाटेल असा समज असतो. प्रकाशाच्या बाबतीत थोड्या मात्रेनं चालना मिळते आणि फार जास्त दिलं की तीच चालना मंदावते, असं पेशींवरच्या प्रयोगांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. हिनं एकदा मालिका बघता बघता पंचवीस मिनिटं पॅनेल चालू ठेवलं, तेही जवळ ओढून. दुसऱ्या दिवशी गुडघा जड आणि ठणकणारा. तेव्हापासून पॅनेलला टायमर असूनही मी स्वयंपाकघरातला शिट्टीचा टायमर वेगळा लावतो.

बसायची पद्धत ठरायला आम्हाला दोन आठवडे लागले. ही प्लास्टिकच्या खुर्चीवर बसते, पाय समोरच्या पाटावर, पॅनेल लाकडी स्टुलावर आडवं. पॅनेलच्या हँडलला मी १५ सेंटिमीटरवर गाठ मारलेली दोरी बांधली आहे. गाठ गुडघ्याला टेकली की अंतर बरोबर. गाउन गुडघ्याच्या वर घ्यायचा, कापडातून प्रकाश नीट जात नाही. गुडघ्याला लावलेलं तेल, बाम, हळदीचा लेप आधी पुसून काढायचा. बाम लावून बसलं की उबेनं आग होते, तो अनुभव पहिल्याच आठवड्यात घेतला. दहा मिनिटं समोरून, दहा मिनिटं आतल्या बाजूनं, कारण हिची झीज आतल्या बाजूला जास्त. पहिला आठवडा फक्त तीन-तीन मिनिटं आणि एक दिवसाआड. नंतर आठवड्यातून पाच दिवस. लगेच व्यायाम: पाय सरळ ठेवून मांडी आवळून धरणं, खुर्चीवर बसून पाय उचलणं. गुडघा मोकळा असतो तेव्हा हे सोपं जातं.

दिवे दूर नेले की प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो, हे मी वर्गात शिकवायचो. ते बिंदूएवढ्या दिव्याचं झालं. इथे दिवे १८ बाय २८ मध्ये पसरलेले आहेत, त्यामुळे थोडं मागेपुढे झालं तर एवढा मोठा फरक पडत नाही. तरी दोरी हवीच. रोज तेच अंतर असलं तर कालची आजशी तुलना करता येते.

आता फरक पडला का?

मी वही ठेवली. सकाळी उठल्यावर गुडघा किती मिनिटं आखडलेला राहतो, छत्तीस पायऱ्यांत किती वेळा थांबावं लागलं, आणि रात्री दुखणं दहापैकी किती, एवढ्या तीनच गोष्टी. सुरुवातीला आखडणं पंचवीस मिनिटांच्या आसपास, थांबे दोन, दुखणं सहा. दहाव्या आठवड्याच्या शेवटी आखडणं दहा-बारा मिनिटं, थांबा एक किंवा काही दिवशी एकही नाही, दुखणं चार. पण याच काळात व्यायाम नियमित झाला आणि वजन तीन किलोनं उतरलं. म्हणून हे सगळं श्रेय पॅनेलला देणं मला पटेना.

मग मी हिला विचारून एक प्रयोग केला. पॅनेलला दोन बटणं आहेत, एक लालचं, एक ८५० चं. ८५० तर दिसतच नाही, आणि ही काळा चष्मा लावून बसते. मी सांगितलं, येत्या सहा आठवड्यांत कधी तरी तीन आठवडे मी एक बटण बंद ठेवेन, कधी ते सांगणार नाही, तू फक्त वही लिही. बटणांवर चिकटपट्टी लावली. ही तयार झाली. पहिले तीन आठवडे ८५० बंद होतं. त्यात सकाळचं आखडणं हळूहळू अठरा मिनिटांपर्यंत गेलं. पुढचे तीन आठवडे दोन्ही चालू, तेव्हा परत बारावर आलं. व्यायाम दोन्ही वेळी तोच. एका माणसावरून काही सिद्ध होत नाही हे मला माहीत आहे. शिवाय एक बटण बंद असलं की ऊबही कमी होते, आणि ऊब सांध्याला बरी वाटतेच. पण आमच्या घरापुरता माझा निर्णय झाला. पॅनेल ठेवायचं.

बाहेरचा पुरावाही मी वाचला. २०१९ साली बीएमजे ओपन या नियतकालिकात गुडघ्याच्या झिजेवरच्या २२ चाचण्यांचा एकत्र आढावा आला. शिफारस केलेल्या मात्रेत मंद लेझर दिला तेव्हा दुखणं कमी झालं, असा त्याचा निष्कर्ष. पण नीट लक्षात घ्या, त्या चाचण्या लेझरच्या आहेत. लेझर सांध्याच्या कडेला ठरावीक बिंदूंवर टेकवून देतात, पॅनेलचा प्रकाश पसरून येतो. लेझरचे आकडे पॅनेलवर जसेच्या तसे उतरवता येत नाहीत. विकणारे मात्र लेझरचे अभ्यास पुढे करून पॅनेल विकतात. तसंच "नासाचं तंत्रज्ञान". नासानं अवकाशात झाडं वाढवण्यासाठी लाल एलईडीवर काम केलं आणि पुढे जखमांवरच्या संशोधनाला पैसेही दिले, हे खरं. त्याचा अर्थ नासानं हे खोकं तपासलं असा होत नाही. "एफडीए रजिस्टर्ड" या शब्दांचंही तेच. एफडीए म्हणजे अमेरिकेचं औषधं आणि उपकरणांवर देखरेख करणारं सरकारी खातं. अमेरिकेत नोंदणी म्हणजे यादीत नाव, त्यात परिणामाची तपासणी नसते.

माझी स्वतःची मान दुखते, तीस वर्षं फळ्यावर हात वर करून. मानेसाठी तर लॅन्सेटमध्ये २००९ साली १६ चाचण्यांचा चांगला आढावा आलेला आहे, तोही लेझरचाच. मी दोन महिने रोज बसलो. वहीत फरक दिसला नाही. मला त्याचा खेद नाही, पण लिहिणं गरजेचं आहे. या दिव्यांखाली सगळ्यांचं सगळं बरं होत नाही.

सूनबाईंना चेहऱ्यासाठी हवं होतं. सुरकुत्यांवर थोडा आधार आहे. जर्मनीत १३६ लोकांवर झालेल्या, २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आठवड्यातून दोनदा असे तीस वेळा प्रकाश दिल्यावर त्वचेचा पोत सुधारलेला दिसला. पण सूनबाईंच्या गालावर वांग आहे, आणि मी पॅनेल द्यायला नकार दिला. वांग उष्णतेनं आणि प्रकाशानं वाढू शकतो. आपल्या सावळ्या त्वचेत रंगद्रव्य जास्त, तिला गोऱ्या त्वचेपेक्षा कमी मात्रा सहन होते. जाहिरातीतले चेहरे बघून आपली मिनिटं ठरवणं धोक्याचं आहे. त्या पुण्यात त्वचेच्या डॉक्टरांकडे गेल्या. त्यांनीही सध्या नको म्हटलं आणि सनस्क्रीन नियमित लावायला सांगितलं. एका मोठ्या कंपनीनं मुरुमांसाठीचा प्रकाशाचा मुखवटा २०१९ साली डोळ्यांच्या काळजीपोटी बाजारातून परत मागवला होता, हेही मी त्यांना सांगितलं.

तक्रारीचा भाग आता. पाचव्या महिन्यात सेल्फी कॅमेऱ्यातून बघताना ८५० च्या दिव्यांची एक ओळ काळी दिसली. दहा दिवे. ते सीरिजमध्ये जोडलेले असतात, एक गेला की अख्खी ओळ जाते, जुन्या गणपतीच्या माळेसारखं. वॉरंटी एक वर्षाची. कळवलं तर उत्तर आलं, "फोटोत सगळे दिवे लागलेले दिसतात." त्यांच्याच माणसाला ८५० दिसत नाही हे मला समजावून सांगावं लागलं! कॅमेऱ्यातून घेतलेला व्हिडिओ पाठवल्यावर मान्य केलं, पण पॅनेल आमच्या खर्चानं बंगळुरूला पाठवायला लावलं. कुरिअरचे ७४० रुपये गेले. पाच आठवड्यांनी नवीन आलं. नवीन दिलं हे चांगलं केलं, पण मधे आजारी माणसाचे पाच आठवडे गेले त्याचं काय? ज्याला मीटर आणि कॅमेरा वापरता येत नाही, त्याला आपली एक ओळ गेली आहे हे कधी कळलंही नसतं. महिन्यातून एकदा कॅमेरा धरून बघा.

पंख्याचा आवाज टेबलफॅनएवढा आहे, टीव्हीचा आवाज दोन घरं वाढवावा लागतो. विजेचा खर्च जवळपास नाहीच. रोजची वीस मिनिटं धरली तर महिन्याला पाऊण युनिटही जळत नाही. इन्व्हर्टरवरही चालतं.

पुष्कळ जण विचारतात, मग कोवळ्या उन्हात बसलं तर चालणार नाही का? बसावं, जरूर बसावं. उन्हात लाल आणि त्याच्या पलीकडचा प्रकाश भरपूर असतो. पण सकाळच्या उन्हात नेमकी मात्रा मोजता येत नाही, पावसाळ्यात चार महिने ते मिळत नाही, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या आमच्या गॅलरीत ते सव्वानऊनंतरच येतं, तोवर ते कोवळं राहत नाही.

चौदा हजार ही रक्कम आमच्या पेन्शनीत लहान नाही. गुडघा नुकताच दुखायला लागला असेल तर मी सांगेन, आधी तीन महिने व्यायाम करा, ते फुकट आहे आणि त्याचा पुरावा पॅनेलपेक्षा भक्कम आहे. व्यायाम चालू असून दुखण्यामुळे तो पुरा होत नसेल, तर पॅनेलचा विचार करा. घेताना वॅट विचारू नका. १५ सेंटिमीटरवर किती मिलिवॅट आणि ते कुठल्या मीटरनं मोजले, हे विचारा. ६६० आणि ८५० ची बटणं वेगळी आहेत ना ते बघा. प्लग थ्री-पिन हवाच. दुरुस्ती कुठे होते आणि कुरिअर कोण भरतं, हे पैसे देण्याआधी लिहून घ्या.

गेल्या आठवड्यात खालच्या मजल्यावरच्या काकूंनी पॅनेल पंधरा दिवस वापरायला मागितलं. त्यांचीही बोटं आणि गुडघे सुजतात. मी दोरी, चष्मा, टायमर सगळं पिशवीत भरलं, आणि खाली जाऊन आधी त्यांच्या गोळ्यांची चिठ्ठी बघायला मागितली. काही औषधांनी त्वचा किंवा डोळे प्रकाशाला हळवे होतात, एवढं मी डॉक्टरांकडून शिकलो आहे. चिठ्ठीत हायड्रॉक्सिक्लोरोक्विन होतं. संधिवातावरचं जुनं औषध, पण ते घेणाऱ्यांचा डोळ्यांचा पडदा वेळोवेळी तपासून घ्यावा लागतो. काकू म्हणाल्या, "अहो भाऊ, गुडघ्यालाच तर लावायचंय." मी पिशवी परत वर आणली. सोमवारी त्यांचा मुलगा त्यांना डॉक्टरांकडे घेऊन जाणार आहे. त्यांना दाखवायला मी पॅनेलच्या तरंगलांबी, अंतर आणि मिनिटं कागदावर लिहून दिली आहेत.